सगळ्याच कविता आवडणारे व्याही

या पृथ्वीतलावर वाईट कविता नावाची वस्तूच नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि नशिबाचा खेळ असा की तो माझा व्याही आहे. दुसरा कोणी असता तर मी त्याच्याशी कडाकडा भांडलो असतो, नाहीतर सरळ ओळख तोडून मोकळा झालो असतो. पण व्याह्यांशी ओळख तोडता येत नाही. त्यातून मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला 'तुमची कविता भिकार आहे' असं सांगायची सोय आपल्या धर्मशास्त्रात नाही, समाजात नाही, आणि मी शिकवलेल्या व्याकरणात तर नाहीच नाही.

मी सुरतेच्या एका मराठी शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवलं. लग्नाची पत्रिका हातात आली तरी आधी तिच्यातल्या चुकांखाली रेघा ओढायच्या आणि मग मुहूर्त बघायचा, ही माझी सवय. व्याही मूळचे अमळनेरकडचे. विसाव्या वर्षी पोटासाठी सुरतेत आले आणि साड्या छापायच्या मिलमध्ये रंग बनवता बनवता म्हातारे झाले. मिलमध्ये त्यांना कलर मास्टर म्हणत. रस्त्याने जाणाऱ्या बाईची साडी बघून ते उभ्याउभ्या सांगतात, ह्यात निळा जरा जास्त पडलाय. विहीणबाई त्यांना कोपराने ढोसतात, कारण त्या बाईला वाटतं हा म्हातारा आपल्याकडेच बघतोय. मी मराठीचा मास्तर, ते रंगांचे मास्टर. मी चूक शोधत जन्म काढला आणि ते रंग जुळवत. आमचं जमावं कसं?

लग्नाच्या बैठकीला मी मानपानापासून रुसव्याफुगव्यांपर्यंत सगळ्याची तयारी करून बसलो होतो. व्याह्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आपल्याला काही नको, फक्त मंगलाष्टकं मी लिहीन आणि मीच म्हणेन. मला गहिवरून आलं. मूर्खपणा माझा. अष्टक म्हणजे आठ, असा भाबडा विश्वास मी ठेवला. व्याह्यांनी सतरा लिहिली होती. पाचव्याला पाहुण्यांच्या हातातल्या अक्षता संपल्या, नवव्याला नवरानवरीने अंतरपाटावरून एकमेकांना बघून घेतलं, बाराव्याला भटजी मला घड्याळ दाखवायला लागले. सोळाव्यात माझी मुलगी म्हणजे 'कधी न उतरणारा मरून रंग' असा उल्लेख होता. मी मांडवात दातओठ खात उभा होतो. शेवटचं 'सावधान' झाल्यावर व्याह्यांनी इतक्या माणसांतून नेमकं माझ्याकडे पाहिलं, पेपर तपासून होईपर्यंत टेबलाशी उभी राहणारी पोरं बघतात तसं. मी म्हणालो, "चला, जेवणं उरकून घेऊ." त्यांचा चेहरा पडला, पण दुसऱ्याच मिनिटाला ते आचाऱ्याला जिलबीच्या रंगाबद्दल शाबासकी देत होते.

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे सांभाळतात, गावाकडची जमीन बघायला जातात. व्याह्यांनी व्हॉट्सॲपवर 'उमलू द्या' नावाचा ग्रुप काढला. सुरतेत जो कोणी मराठीतून, अहिराणीतून, निम्मं गुजराती मिसळून का होईना, चार ओळी लिहीत असेल त्याने यावं आणि उमलावं. उमलणाऱ्यांची गर्दी बघून मी थक्क झालो. नवागामच्या एक ताई आहेत. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवतात आणि गोंद वाळेपर्यंत कविता लिहितात. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आहेत. बासष्टाव्या वर्षी त्यांचा विरह सुरू झाला तो अजून थांबलेला नाही, आणि त्यांच्या पत्नी रोज त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत भाजी निवडत असतात. लिंबायतचा एक लूम चालवणारा तरुण आहे, तो बारा तासांच्या पाळीत मनातल्या मनात कविता जुळवतो आणि सुटल्यावर रिक्षात बसून टाईप करतो, त्यामुळे त्याच्या कवितेत खड्डे लागले की अक्षरं उडालेली असतात. अशी सत्तर-पंच्याहत्तर माणसं.

व्याही या ग्रुपचे ॲडमिन, पण वागायचे मिलमधल्यासारखे. नियम म्हणजे नियम. पहिला नियम: आधी दोघांना दाद द्यायची, मगच आपली कविता टाकायची. दुसरा: नुसता अंगठा दाखवायचा नाही, कोणती ओळ आवडली ते लिहायचं. अंगठा काय, सही येत नव्हती तेव्हा माणसं लावायची, असं ते म्हणत. आणि तिसरा नियम त्यांनी स्वतःसाठीच केलेला: ज्याची पहिलीवहिली कविता ग्रुपवर येईल, त्याचा त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, तो असेल तिथे जाऊन शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. पहिलटकरणीला जपतात तसं पहिल्या कवितेला जपायचं, एक दिवस जरी उशीर झाला तरी माणूस बुजतो, असं त्यांचं शास्त्र. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत म्हणून कायम एक शाल आणि एक नारळ. एकदा मे महिन्यात तो नारळ डिकीतल्या डिकीत नासला आणि सत्काराच्या ठिकाणी फोडल्यावर यजमानांनी खिडक्या उघडल्या, तरी व्याही म्हणाले, वासालासुद्धा दम पाहिजे.

त्या लिंबायतच्या तरुणाचा सत्कार मी डोळ्यांनी पाहिला आहे. व्याह्यांनी मला बळेच स्कूटरवर मागे बसवून नेलं होतं. कारखान्यात चाळीस लूम खडाखडा चालू. शेजारच्याचा आवाज शेजारच्याला जात नव्हता. व्याह्यांनी त्या पोराच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि त्याचीच कविता त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून म्हणायला सुरुवात केली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा ह्याला झाडतोय. बाकीचे कामगार धावत आले, त्यांच्या मागून शेठ आला, शुं थयुं, शुं थयुं करत. आता मार खायचा, म्हणून मी दाराकडे सरकलो. व्याह्यांनी शेठला शांतपणे बाजूला घेतलं आणि गुजरातीतून समजावलं की तुमच्या कारखान्यात कवी निघालाय, नशीब काढलंत. शेठने पाच मिनिटं चार लूम बंद ठेवले आणि कविता परत म्हणायला लावली. त्याला तिच्यातला एक शब्द कळला नाही, पण पोराच्या पाठीवर त्याने हात ठेवला. परत येताना मी म्हणालो की कविता सुमार होती. व्याही म्हणाले, "तुम्हाला चाळीस लूममध्ये ऐकू आली हेच खूप झालं, सर."

त्यांची दाद म्हणजे मिलचीच भाषा. टिकलीवाल्या ताईंना, "ताई, शेड अगदी बरोबर लागली." बँकेच्या साहेबांना, "साहेब, पक्का रंग. सात पाण्यांतून काढा, जायचा नाही." दाद द्यायला त्यांना कविताच लागते असंही नाही. रिक्षाच्या मागच्या शेरांना ते देतात, 'येथे थुंकू नये' ला देतात, आणि माझ्या बायकोने घरच्या ग्रुपवर कळण्याच्या भाकरीचं प्रमाण कळवलं तर तिलाही त्यांनी 'वहिनी, लय आहे' असं कळवलं होतं. ती दोन दिवस खूष होती. न राहवून मी एकदा त्यांना सुनावलं की तुम्ही लोकांना हरभऱ्याच्या झाडावर चढवता. ते हसले आणि म्हणाले, "चढू द्या ना, सर. हरभऱ्याचं झाड असतं केवढं? पडला माणूस तरी लागत नाही."

मला त्यांनी ग्रुपचा मार्गदर्शक नेमलं. मी नको म्हणालो असतो. पण मुलीचा बाप! मग मी मार्गदर्शन सुरू केलं. कुणाचं वृत्त मोडलं, कुणाची प्रतिमा शिळी, कुणाची चौथी ओळ तिसऱ्याच कवितेतली. मी टाईप करतोय असं वर दिसलं की अख्खा ग्रुप चिडीचूप व्हायचा, इन्स्पेक्टर वर्गात शिरल्यासारखा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आणि सगळ्यांत जास्त मार्गदर्शन मी कुणाला केलं असेल तर व्याह्यांना. ते रोज पहाटे सहाला कविता टाकायचे. पावणेसातपर्यंत तीस-चाळीस जणांची दाद येऊन जायची. सातला मला फोन. काय सर, चहा झाला का, आज गारवा आहे नाही, वहिनींचा गुडघा कसा आहे. मग जरा थांबून, "सकाळचा मेसेज आला असेल तुम्हाला." मी म्हणायचो, आला, दुसऱ्या कडव्यात यमक ओढून आणलंय. "हो का? बघतो, बघतो," म्हणायचे आणि फोन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सातला परत फोन.

पंच्याहत्तर माणसं वाहवा करत असताना हा माणूस माझ्याच एका 'छान'साठी सहा वर्षं का ताटकळत होता, ते मला कळत नव्हतं. बायकोला कळत होतं. ती म्हणायची, तुम्ही मास्तर आहात ना, म्हणून. एकदा छान म्हणालात तर जीभ झडणार आहे का तुमची? मी म्हणायचो, छत्तीस वर्षांत कुणाला फुकट मार्क दिले नाहीत, आता काय व्याह्यांपासून सुरुवात करू?

असा मी. आणि मग गेल्या हिवाळ्यात ती सकाळ आली.

बायको पुण्याला मुलीकडे होती. नात बावीस दिवसांची झाली होती. मी घरी एकटा, तिसऱ्या मजल्यावर. नऊच्या सुमाराला छातीत धरल्यासारखं झालं. आदल्या दिवशी नाश्त्याला सुरती लोचो जरा जास्तच हाणला होता, तेव्हा गॅस असेल म्हणून ओवा चावला. साडेनऊला डाव्या हातात मुंग्या आल्या आणि घाम फुटला. बायकोला फोन केला, मुलीला केला. तिकडे बाळाची अंघोळ चाललेली, कोण उचलणार? समोरच्या दाराला कुलूप. ॲम्ब्युलन्स बोलवावी तर गॅस निघाला म्हणजे सोसायटीभर शोभा. तेव्हा घरच्या ग्रुपवर कळवून ठेवावं, मुलगी बघेल आणि काय ते करेल, असा विचार करून मी लिहायला घेतलं. धाप लागत होती. दोन शब्द झाले की थांबायचो, आणि थांबलं की माझा अंगठा सवयीने खालच्या ओळीवर जायचा. दरवाजाची कडी काढली आणि मजकूर पाठवून पलंगावर आडवा झालो. मजकूर असा होता:

सकाळपासून
छातीवर कोणी
दगड ठेवलाय
डावा हात
माझा वाटत नाही
दार उघडं
ठेवलं आहे
कोणीतरी या

घरच्या ग्रुपच्या वर त्या वेळी 'उमलू द्या' होता, कारण सकाळपासून तिथे तीस कविता येऊन पडल्या होत्या. माझा मजकूर तिकडे गेला.

पहिली टुणटुण वाजली तेव्हा मला हायसं वाटलं. फोन डोळ्यांसमोर धरला. टिकलीवाल्या ताई लिहीत होत्या, "सर! शेवटी लिहिलंतच! 'डावा हात माझा वाटत नाही' या ओळीला डोळे भरून आले." मागोमाग बँकेचे साहेब: "वार्धक्यातील एकटेपणाचे भेदक चित्रण. 'दार उघडं ठेवलं आहे' मधला आशावाद विशेष." लिंबायतचा पोरगा: "एक नंबर सर." तोंडात मारल्यासारखा मी बघत राहिलो. नियम तरी किती पाळावा माणसांनी! प्रत्येकाने आवडलेली ओळ लिहिली होती. एकाने तर भीतभीत मार्गदर्शनही केलं, की सर, दगडाची प्रतिमा जरा वापरून गुळगुळीत झालेली आहे, क्षमस्व. छातीत कळ येत असतानाही मला पटलं की मुद्दा बरोबर आहे.

मी सगळा जीव एकवटून लिहिलं, "ही कविता नाही." पाठवलं. अर्ध्या मिनिटात साहेबांचं उत्तर आलं, "व्वा! हा तर कळस! शेवटची ही ओळ मूळ कवितेला वेगळ्याच उंचीवर नेते." त्याखाली बारा जणांची सहमती. मी फोन पालथा टाकला आणि डोळे मिटले. मरायची भीती वाटली, ती तेव्हा पहिल्यांदा. इतकी माणसं माझं वाचत होती, आणि एकालाही माझ्याकडे यायचं सुचत नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. पावलांबरोबर आवाजही वर येत होता, "सकाळपासून, छातीवर कोणी, दगड ठेवलाय..." छान चाल लावून. व्याही पहिल्या कवितेच्या सत्काराला आले होते. डिंडोलीहून स्कूटर हाणत, एका हातात शाल, दुसऱ्यात नारळ, आणि मला ऐकवायला माझीच कविता पाठ करून. 'दार उघडं ठेवलं आहे' या ओळीपाशी आणि माझ्या दारापाशी ते एकदमच पोचले. दार लोटलं, मला बघितलं आणि थांबले.

"सर," ते हळूच म्हणाले, "हे तर खरं आहे."

नंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नारळ कुठेतरी गडगडत गेला. शाल त्यांनी माझ्याभोवती गुंडाळली, मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, खालून वॉचमन आणि इस्त्रीवाल्याला हाक मारली, आणि मिलमध्ये रंगाची पिंपं उचलणारे ते हात खुर्चीला लागले. तीन जिने त्यांनी मला खुर्चीसकट उतरवलं. रिक्षात माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि ते रिक्षावाल्याला गुजरातीतून, हिंदीतून आणि शेवटी शुद्ध अहिराणीतून शिव्या घालत होते. आयुष्यभर ज्याने फक्त वाखाणणी केली, त्या माणसाच्या तोंडी तो शब्दसंग्रह ऐकून मला वाटलं, मी आता वाचणार.

एक रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या तासाने आला असता तर अवघड होतं. दुसऱ्या दिवशी मला जनरलमध्ये हलवलं. बायको आणि मुलगी पुण्याहून निघाल्या होत्या. व्याही कालपासून घरी गेले नव्हते. माझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून ग्रुपवरच्या दोनशे माफीपत्रांना उत्तरं देत होते. त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, डोळे तांबारलेले. मला भरून आलं. मी क्षीण आवाजात म्हणालो, "व्याही, तुमच्या कविता चांगल्या असतात हो."

व्याही ताडकन उठले आणि दाराशी जाऊन नर्सला म्हणाले की पेशंटला परत काहीतरी व्हायला लागलंय, लवकर बघा. तिने नाडी पाहिली, ब्लडप्रेशर पाहिलं, सगळं ठीक. ती गेल्यावर ते परत स्टुलावर बसले. म्हणाले, घाबरून दिलेली दाद मला नको. बरे व्हा, मग खुशाल चुका काढा.

तेव्हा सहा वर्षं मनात असलेलं मी विचारून टाकलं. म्हटलं, खरं सांगा, तुम्ही सगळ्यांना व्वा व्वा करता ते त्यांनी तुम्हाला करावं म्हणूनच ना? माझी खात्री होती की ते चिडतील. ते नुसते गोंधळले.

"नाही हो. आवडतात मला."

"सगळ्या?"

"सगळ्या." जरा वेळ विचार केला त्यांनी. "लॉट बिघडला, रंग चुकला, तरी ती साडी बाजारात जाते सर, आणि कोणीतरी बाई नेमकी तीच हौसेने घेते. मी त्या बाईसारखा माणूस आहे. मला तर उलट तुमचं वाईट वाटतं. रोज सकाळी वीस-पंचवीस कविता येतात, तुम्ही सगळ्या वाचता, आणि त्यातली एकही आवडत नाही. मग दिवस कसा काढता हो तुम्ही?"

टोमणा असता तर मी परतवला असता. पण साखरेच्या पेशंटला आपण जसं कळवळून विचारतो, गोडाशिवाय जमतं कसं, तसं ते विचारत होते. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

ग्रुपवर त्यानंतर चौथा नियम आला: कवितेत छाती, हृदय, श्वास किंवा हात यांपैकी काहीही आढळलं तर आधी फोन करून विचारपूस करायची, दाद नंतर. पुढच्याच सकाळी बँकेच्या साहेबांनी 'काळजात कळ उठते' लिहिलं आणि त्यांना एकोणीस फोन गेले. विसावा त्यांच्या पत्नीने उचलला आणि काळजाला काही झालेलं नाही, सकाळी दोन थालीपिठं खाल्लीत, असं खडसावून सांगितलं. साहेब सध्या निसर्गावर लिहितात.

मला महिनाभर घरी विश्रांती सांगितली होती. बायको पेपरसुद्धा हातात देईना, त्यातल्या चुकांनी म्हणे माझं ब्लडप्रेशर चढतं. मग मी फोनवर ग्रुपचे जुने मेसेज मागे मागे नेत वाचायला लागलो. वेळ जायला म्हणूनच. तीन वर्षं मागे गेल्यावर एका सकाळी सहाला टाकलेली व्याह्यांची ही कविता सापडली:

मिलमधून घरी आलो की
दारातच ती माझे हात बघायची
आणि रंगावरून सांगायची
आज कुठल्या सणाच्या साड्या निघाल्या
तोंडाने मी काही बोललो नाही
तिने हातच वाचले जन्मभर

खाली माझं मार्गदर्शन होतं: "तिसऱ्या ओळीनंतर स्वल्पविराम हवा." आणि त्याखाली त्यांचं उत्तर, "हो सर. चुकलो."

मी ती कविता चार वेळा वाचली. मला माझीच लाज वाटली. हे मी तेव्हा वाचलं होतं, डोळ्यांखालून घातलं होतं, आणि मला त्यात एक स्वल्पविराम दिसला होता.

दुपारचे चार वाजले असतील. मी व्याह्यांना फोन लावला. आजवर मी त्यांना आपणहून कधी फोन केला नव्हता, त्यामुळे उचलताक्षणी ते म्हणाले, "काय होतंय सर? निघू का?"

मी म्हणालो, काही होत नाही. तुमची एक जुनी कविता वाचली. हातांची. आवडली मला.

मग ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कोणती ओळ?"

शेवटची, मी म्हणालो. आणि दुसरी. खरं म्हणजे सगळीच. तुम्हाला वाचून दाखवू का? ते म्हणाले, जरा थांबा, आणि ते विहीणबाईंना अहिराणीतून इकडे बोलावताना मी ऐकलं, "आठे ये वं. आठे ये. सर वाची ऱ्हायनात." विहीणबाईंना कवितेचा मनस्वी कंटाळा. नवऱ्याचा ग्रुप त्यांनी कधी उघडून पाहिलेला नाही, आणि जगाला वाचून दाखवणाऱ्या या माणसाने घरात त्यांना ही कविता कधी वाचून दाखवली नव्हती, हे मला त्या हाकेवरूनच कळलं. फोन स्पीकरवर टाकल्याचा आवाज आला. मी शाळेत वाचायचो तशी, सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

मग विहीणबाईंचा आवाज आला. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, व्याह्यांशीच बोलत होत्या.

"हिरवा रंग ते आठ-आठ दिन निंघे नई," त्या म्हणाल्या.

व्याह्यांनी त्यावर काहीच म्हटलं नाही. व्वा नाही, पक्का रंग नाही, काही नाही. मीही फोन ठेवला नाही. ती दोघं तिकडे गप्प बसली होती आणि मी इकडे, कानाला फोन लावून, बराच वेळ.